अभियंता घडतो, प्रकल्पप्रमुख घडवावा लागतो

पुलाचा आराखडा अचूक, सिमेंट-पोलादाचा दर्जा चोख, अभियंत्यांची गुणवत्ता वादातीत. आणि तरीही काम दोन वर्षे रखडलेले. असे चित्र आपल्याकडे नवीन नाही. कारणांचा शोध घेऊ लागले की बहुतेक वेळा तांत्रिक अडचण दुय्यम ठरते. जमिनीचा ताबा वेळेवर न मिळणे, कंत्राटदाराशी झालेला बेबनाव, दोन विभागांतील पत्रापत्री आणि धोक्याची सूचना वरपर्यंत न पोहोचणे, अशाच गोष्टी पुढे येतात. अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात या विषयांना फारसे स्थान नसते. म्हणूनच उत्तम अभियंत्याला उत्तम प्रकल्पप्रमुख कसे करावे, हा प्रश्न शिक्षणसंस्थांइतकाच सामान्य करदात्याच्याही जिव्हाळ्याचा ठरतो.

अडचण नेमकी कोठे?

नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत अभियंत्याचे कौतुक होते ते बिनचूक उत्तरासाठी. गणित बरोबर आले की काम झाले. याच कामगिरीच्या जोरावर पदोन्नती मिळते आणि एका सकाळी तो शंभर-दोनशे माणसांचा प्रमुख होतो. येथे मात्र एकच बरोबर उत्तर नसते. माहिती अपुरी असते, वेळ कमी असतो आणि निर्णय तर घ्यावाच लागतो. अशा वेळी अनेक जण आपल्या ओळखीच्या जागी परततात. हाताखालच्यांची रेखाटने स्वतः तपासत बसतात, प्रत्येक कागदावर आपलीच सही हवी असा आग्रह धरतात. परिणामी प्रमुखाच्या टेबलावर फायली साचतात आणि कामाच्या जागी माणसे खोळंबतात. ‘करणे’ आणि ‘करवून घेणे’ यांतील हे अंतर पार करणे हाच या प्रशिक्षणाचा गाभा होय.

वेळापत्रकाचे शास्त्र

प्रकल्प व्यवस्थापनाचे आधुनिक शास्त्र १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आकाराला आले. ड्यूपाँ या रसायन कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ पद्धती विकसित झाली, तर १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी ‘पर्ट’ ही पद्धत वापरात आली. तिचे सूत्र सोपे आहे. पुलाचा पाया, खांब आणि तुळया ही कामे एकापाठोपाठ एक करावी लागतात. त्यातील कोणत्याही कामाला वीस दिवस उशीर झाला की संपूर्ण पूल वीस दिवस लांबतो. पोहोचरस्त्याचे काम मात्र समांतर चालू शकते. तेथे वीस दिवस गेले तरी पुलाची तारीख हलेलच असे नाही. कोणत्या उशिराची चिंता करायची आणि कोणता उशीर पचवायचा, हे कळणे ही प्रकल्पप्रमुखाची पहिली इयत्ता.

हे शास्त्र अभियंते लवकर आत्मसात करतात, कारण ते आकड्यांचे असते. खरी कसोटी पुढे लागते. अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेली ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट’ ही संस्था १९८४ पासून घेत असलेल्या प्रमाणपत्र परीक्षेला भारतीय अभियंतेही मोठ्या संख्येने बसतात. या परीक्षेच्या २०२१ मध्ये लागू झालेल्या आराखड्यात तब्बल ४२ टक्के प्रश्न ‘माणसे’ या विभागासाठी राखले गेले. संघ बांधणे, मतभेद मिटवणे, अधिकार सोपवणे हे विषय त्यात येतात. केवळ परीक्षा देऊन भागत नाही. प्रकल्प प्रत्यक्ष सांभाळल्याचा अनुभवही दाखवावा लागतो.

दोन टोप्यांची गोष्ट

नेतृत्व शिकवायचे म्हणजे अभियांत्रिकी विसरायला लावायची, असा मात्र याचा अर्थ नव्हे. तसे झाले तर काय घडते, याचे विदारक उदाहरण म्हणजे ‘चॅलेंजर’ अवकाशयानाची दुर्घटना. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, अग्निबाणाच्या जोडांमधील रबरी कडी थंडीत नीट काम करणार नाहीत, असा इशारा कंत्राटदार कंपनीच्या अभियंत्यांनी दिला होता. त्यांचा उड्डाणाला विरोध होता. चर्चेच्या ओघात कंपनीतील एका ज्येष्ठ व्यवस्थापकाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालण्यास सांगितले. उड्डाणाला संमती मिळाली आणि दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीरांनी प्राण गमावले. चौकशी आयोगासमोर हा प्रसंग उघड झाला. आज जगभरच्या अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत तो शिकवला जातो. प्रकल्पप्रमुखाला दोन्ही टोप्या एकाच वेळी घालाव्या लागतात, हाच त्याचा धडा.

वाईट बातमी वरपर्यंत सुखरूप पोहोचेल अशी व्यवस्था उभारणे हेही प्रमुखाचेच काम. १९९९ मध्ये नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. एका चमूचे आकडे ब्रिटिश मापनपद्धतीत, तर दुसऱ्याची गणिते मेट्रिक पद्धतीत होती. यानाच्या मार्गात काही विसंगती असल्याचे दिशादर्शन चमूच्या लक्षात आले होते. परंतु चमूंमधील संवाद तोकडा पडला, असे चौकशीत दिसून आले. चूक गणिताची होती, ती टिकून राहिली संवादाच्या अभावामुळे.

आपल्याकडील वस्तुपाठ

भारतात अशा नेतृत्वाची उदाहरणे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून झेपावलेला ‘एसएलव्ही-३’ अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला. प्रकल्प संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. पत्रकारांना मात्र सामोरे गेले इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष प्रा. सतीश धवन आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली. १८ जुलै १९८० रोजी उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा पत्रकार परिषद घेण्यास त्यांनी कलाम यांना पुढे केले. कलाम यांनी हा प्रसंग पुढे अनेक व्याख्यानांतून सांगितला. अपयश प्रमुखाचे आणि यश चमूचे, हा धडा त्यांना वर्गात नव्हे, तर वरिष्ठांच्या वागण्यातून मिळाला होता.

दुसरे उदाहरण कोकण रेल्वेचे. १९९० मध्ये ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली महामंडळ स्थापन झाले. रोहा ते मंगळूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण लांबीने वाहतुकीस खुला झाला. त्यावर ९१ बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. परंतु अभियंत्यांची परीक्षा सह्याद्रीच्या कातळापेक्षा पेडण्यासारख्या ठिकाणच्या मऊ मातीने अधिक घेतली. बोगद्यांचे काम कामगारांच्या जिवावर बेतले. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलन पेटले, काम अडले आणि चौकशी आयोग नेमावा लागला. स्फोटकांचे गणित जाणणाऱ्या अभियंत्याला येथे शेतकऱ्याशी, सरपंचाशी आणि आंदोलकाशीही बोलावे लागले. याच श्रीधरन यांनी पुढे दिल्ली मेट्रो उभारली. २००९ मध्ये झमरूदपूर येथे बांधकामाधीन पूल कोसळून कामगारांचा बळी गेला, तेव्हा नैतिक जबाबदारी स्वीकारून त्यांनी राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही, हा भाग वेगळा.

प्रशिक्षण कसे असावे?

महाराष्ट्रात या प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. पवईच्या ‘निटी’ची स्थापना १९६३ ची, २०२३ पासून ती ‘आयआयएम मुंबई’ या नावाने ओळखली जाते. रेल्वेच्या स्थापत्य अभियंत्यांना पुण्यातील ‘इरिसेन’ संस्थेत प्रशिक्षण मिळते, तर बांधकाम क्षेत्राच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात सुरू झालेली ‘निकमार’ बालेवाडी येथे प्रकल्प व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालवते.

तथापि पंधरा दिवसांच्या वर्गाने नेता तयार होत नाही. वर्गात करारनामा वाचणे, खर्चाचा ताळेबंद मांडणे, जोखमींची यादी करणे शिकवता येते. उरलेले कामाच्या जागीच शिकावे लागते. त्यासाठी काही उपाय उपयुक्त ठरतात. तरुण अभियंत्याला थेट मोठ्या प्रकल्पावर न नेमता आधी स्वतंत्र जबाबदारी असलेला छोटा भाग द्यावा. संकल्पन, खरेदी, लेखा आणि प्रत्यक्ष जागा अशा विभागांतून त्याला फिरवावे. अनुभवी प्रमुखाच्या बैठकांना त्याने केवळ ऐकण्यासाठी बसावे. सोपवलेल्या कामात प्रत्येक पावलावर वरिष्ठांनी लुडबूड करू नये. मात्र ठरलेल्या दिवशी हिशेब जरूर मागावा. आणि काम संपल्यावर काय चुकले याची नोंद, कोणावरही दोषारोप न करता, लिहून काढावी. आपल्याकडे उद्घाटनाचे छायाचित्र जपले जाते, ही नोंद क्वचितच जपली जाते.

शेवटी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. प्रत्येक कुशल अभियंत्याने प्रकल्पप्रमुख झालेच पाहिजे असे नाही. अनेक प्रगत कंपन्यांत तज्ज्ञांसाठी पदोन्नतीची स्वतंत्र शिडी असते. तेथे माणसे न सांभाळताही मान आणि वेतन वाढते. आपल्याकडे मात्र वेतनवाढीचा एकमेव जिना बहुधा प्रमुखाच्या खुर्चीकडेच जातो. त्यामुळे एक चांगला संकल्पक गमावायचा आणि एक नाखूश प्रमुख मिळवायचा, असा दुहेरी तोटा पदरी पडतो. कोणाला प्रशिक्षण द्यायचे याची निवड नीट झाली, तर ते कसे द्यायचे हा प्रश्न निम्मा सुटतो.