मांढरदेवची बाजू

वाईच्या सायकलवाटांचा विषय निघाला की पसरणीचा घाट आपोआप पुढे येऊन बसतो. म्हणून त्याला आधी वाट करून देतो. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या जरा वर, पाचगणी तेराशेच्या आसपास, मधला रस्ता बारा-तेरा किलोमीटरचा. म्हणजे सरासरी चढ शंभराला पाचाच्याही आत. शाहीर साबळ्यांचं पसरणी गाव मागे पडलं की वळणं सुरू होतात. बुवासाहेबाच्या देवळापाशी दम घ्यावा, खाली धोमचं पाणी चकाकताना पाहावं, आणि हॅरिसन फॉलीच्या बाजूने वारा अंगावर आला की पाचगणी आली म्हणून समजावं. चढ इतका एकसारखा आहे की रोज सुरूरपर्यंत जाऊन येणारा कुणीही हा घाट पार करेल. पसरणीचं मोठेपण मी कधी नाकारलेलं नाही. पण वाईत सायकल म्हणजे पसरणी आणि बाकीचे सगळे जोडरस्ते, असं जी जाणकार मंडळी वर्षानुवर्षं सांगत आली, त्यांच्याशी माझं भांडण पन्नास वर्षांचं आहे. ते आज इथेही करणार आहे.

त्याआधी बाकीच्या रस्त्यांची हजेरी. पाचवड, भुईंज, ओझर्डे, बावधन हा सगळा पट्टा पायाला सवय लावायला बरा. मात्र गळीत हंगाम सुरू झाला की किसन वीर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि रस्त्यावर सांडलेलं पाचट, यांत पातळ टायर घेऊन जाऊ नये. साताऱ्याहून यवतेश्वर चढून कास पंचवीसेक किलोमीटर. २०१२ साली पठाराचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून सप्टेंबरातल्या रविवारी तिथे सायकलला जागा उरली नाही. मधल्या वारी पहाटे जावं. सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघर, चाळकेवाडी हा रस्ता त्याहून मोकळा, पण पवनचक्क्यांच्या पठारावर समोरून वारा लागला तर सपाटीवरही घाट चढल्यासारखं होतं. मेढ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वर गाठणारे थोडे, आणि जे गाठतात ते त्याबद्दल फार बोलत नाहीत. मला ती माणसं आवडतात. महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला उतरणं हा चाळीस किलोमीटरचा सोहळा आहे, पण उतरलेला माणूस परत चढेलच असं नाही. महामार्गाने पुण्याहून येऊन साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर पुरे करणाऱ्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार. महामार्गावर मात्र माझा जीव कधी रमला नाही.

धोमकडचा रस्ता घाईने मागे टाकावा असा नाही. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याजवळून, पुढे धोमच्या नरसिंहाला हात जोडून धरणाच्या कडेने पश्चिमेला निघालं की एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, आणि समोर कमळगड दर वळणाला नवा चेहरा दाखवतो. बलकवडीच्या पुढे जोरपर्यंत गेलं की रस्ता संपतो. समोर सह्याद्रीची भिंत, तिच्या माथ्यावर क्षेत्र महाबळेश्वर. कृष्णा जिथून निघते त्या डोंगराच्या पोटात आपण उभे असतो. जुलै २०२१च्या पावसात या खोऱ्याने फार सोसलं. कोंढावळ्याच्या देवरुखवाडीवर दरड आली. त्यानंतर पहिल्यांदा सायकल काढली तेव्हा ओळखीची वळणंसुद्धा अनोळखी वाटली, आणि मी अर्ध्यातून परत फिरलो.

आता मांढरदेव.

वाईहून बोपर्डीमार्गे उत्तरेला निघणारा हा रस्ता सुरुवातीला काहीच सांगत नाही. ऊस, हळद, विहिरी, डाव्या हाताला पांडवगड. मग घाट लागतो आणि त्याचा स्वभाव कळतो. पसरणीसारखा हा एका लयीत चढत नाही. कुठे छातीवर येतो, कुठे शंभर-दीडशे पावलं सैल सोडतो, आणि आता जमलं असं वाटतं तिथेच पुन्हा उभा राहतो. पसरणीत एकदा लय सापडली की डोकं मोकळं राहतं. इथे प्रत्येक वळण आल्यावर नव्याने ठरवावं लागतं. सायकलवाल्याची परीक्षा दमात असते हे सगळेच मानतात. माझ्या मते ती अशा ठरवण्यात असते, आणि तशी परीक्षा घेणारा वाईच्या पंचक्रोशीत हा एकच घाट आहे.

मी तो पहिल्यांदा चढलो १९७५ साली, थोरल्या भावाच्या काळ्या ॲटलसवर. गिअर नाही, लोखंडी चौकट, मागे भक्कम कॅरिअर. घाटाच्या तोंडाशी एक दूधवाले आजोबा भेटले. सकाळी दूध वाईत घालून रिकामे कॅन सायकलला अडकवून परत निघालेले. मी उभा राहून पायडल मारतोय हे पाहून त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "बाळा, बुड उचलू नको. रस्ता रुंद हाय, ह्या कडंचा त्या कडंला जा. आन् जमलं न्हाई तर उतर की, सायकल काय रुसत न्हाई." तसा नागमोडी चढत, तीनदा उतरून ढकलत मी वर पोचलो. परत येताना त्यांनीच सांगितल्याप्रमाणे घाणेरीचा मोठा फाटा तोडून दोरीने कॅरिअरला बांधला आणि तो फरफटत खाली उतरलो, कारण त्या काळच्या ब्रेकच्या रबरांना हा उतार झेपत नसे. पुढे गिअरची सायकल आली, चांगले ब्रेक आले. पण चढाचं जे काही मला कळतं ते त्या सकाळचं आहे.

माथ्यावर काळूबाईचं ठाणं. पौषी पौर्णिमेच्या यात्रेत २००५ साली इथे चेंगराचेंगरी झाली आणि शेकडो माणसं गेली. वाई तालुक्यात तो दिवस विसरलेलं घर नसेल. मी अजूनही वर पोचल्यावर आधी सायकलवरून उतरतो, चप्पल काढतो, मग पाणी पितो.

या माथ्याचं आणखी एक मोठेपण कुणी सांगत नाही. रायरेश्वरापासून पूर्वेला शिखर शिंगणापूरकडे निघालेल्या शंभू महादेवाच्या डोंगररांगेवर आपण उभे असतो. दक्षिणेला पडलेला थेंब कृष्णेत जातो, उत्तरेला पडलेला नीरेत. नीरा नरसिंगपूरला भीमेला मिळते आणि भीमा थेट रायचूरच्या बाजूला जाऊन कृष्णेला. एका देवळाच्या दोन बाजूंना वेगळं झालेलं पाणी इतक्या लांब जाऊन पुन्हा एक होतं. हे मला कुण्या पुस्तकाआधी सायकलने शिकवलं, कारण आंबाडखिंडीतून पलीकडे उतरताना माती, झाडं, वारा, सगळंच बदलत जातं. समोर भोरचा मुलूख उलगडतो. आंबाड्यावरून भोर, तिथून शिरवळ, मग खंबाटकी चढून सुरूर आणि वाई. हा पुरा फेरा जो करेल त्याने वाईचे घाट पाहिले असं मी म्हणेन. खंबाटकीत मालमोटारींचा धूर खावा लागतो, तेवढीच काय ती या फेऱ्याची उणीव. धूर नको असेल तर भोरहून आल्या वाटेने परत यावं. आंबाडखिंड खालून वर पाहणं हा वेगळाच अनुभव आहे.

नव्वदीच्या दशकात एका संस्थेने या भागात सायकल स्पर्धा घ्यायचं ठरवलं होतं. मी त्यांना चार पानी पत्र लिहिलं, हाताने नकाशा काढून दिला, वळणं मोजून दिली. स्पर्धा पसरणीतच झाली. मांढरदेव हा देवीचा रस्ता, सायकलचा नव्हे, असं मला तोंडी सांगण्यात आलं. ते मला तेव्हाही लागलं आणि आजही लागतं.

अशाच एका पत्राची दुसरी गोष्ट. स्पेनच्या उत्तरेला अस्तुरियास नावाचा डोंगराळ, पावसाळी मुलूख आहे. गाईगुरांचा आणि एकेकाळी कोळशाच्या खाणींचा. तिथल्या रिओसा गावाच्या वर कुरणाकडे गुरं नेण्याची एक वाट होती, आंग्लिरू. १९९६ साली एका सायकलवेड्या गृहस्थाने देशाच्या सर्वांत मोठ्या शर्यतीच्या, व्हुएल्टाच्या, आयोजकांना पत्र लिहिलं की ही वाट एकदा येऊन पाहा. ते आले. १९९९ साली शर्यत तिथे चढली. साडेबारा किलोमीटर, सरासरी चढ शंभराला दहा, एका ठिकाणी तेविसाच्याही वर. माथ्यावर गाव नाही, नुसतं कुरण. आज जगभरचे सायकलवाले त्या कुरणाचं नाव घेतात. त्याच देशाचा बहामोन्तेस, १९५९ साली टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला स्पॅनिश माणूस, तरुणपणी सायकलवरून बाजारचा माल वाहत असे. हे वाचलं तेव्हा मला घाटाच्या तोंडाशी भेटलेले आजोबा आठवले. त्यांच्याकडे बहामोन्तेसची मांडी होती. पत्र वाचून येणारं कुणी नव्हतं.

ते दूधवाले आता मोटारसायकलवर आहेत. वाईत तासावर सायकल भाड्याने देणारी दुकानं होती, तिथे पंक्चर काढता काढता पोरांना फ्रीव्हील उघडायला शिकवत, ती गेली. सुरूर-वाई रस्त्यावरच्या जुन्या वडांच्या सावलीत आम्ही भर मे महिन्यात दुपारी सायकल हाणली. रुंदीकरणाच्या रेट्यात त्या वडांवर कुऱ्हाड आली तेव्हा मी दोन दिवस त्या रस्त्याला गेलो नाही. शनिवार-रविवारी पुण्याहून गाड्यांच्या टपावर सायकली येतात, पसरणी चढतात, किती मिनिटं लागली ते फोनवर पाहतात आणि जेवून परत जातात. मुलं गुणी आहेत, माझ्यापेक्षा दुपटीने वेगवान आहेत. पण वाईत मुक्काम न करता वाईचे घाट कसे कळणार? वेळ मोजणं हेच सायकलिंग, असं त्यांच्या मनावर ज्यांनी बिंबवलं त्यांनी या मुलांचं मोठं नुकसान केलं आहे.

मांढरदेव चढायचे उत्तम दिवस कोणते? पाऊस सरलेला, कडे अजून हिरवे. दिवाळीनंतर जावं, यात्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत. आदल्या रात्री वाईत राहावं, ब्रेकची रबरं नवी घालावीत, दोन ट्यूब आणि पंप जवळ ठेवावा. पहाटे साडेपाचला गणपती घाटावरून निघावं. बोपर्डी मागे टाकेपर्यंत अंधारच असतो, नदीवरचं धुकं पाठीशी राहतं, आणि पहिल्या उभ्या वळणापाशी पांडवगडाच्या माथ्याला ऊन लागलेलं दिसतं. तिथे बुड उचलू नये.