दिव्याला डाख
लालबाग-परळच्या चाळींत रेशनच्या रॉकेलसाठी डबा घेऊन रांगेत उभे राहणे, हे एके काळी बहुधा शाळकरी मुलांचेच काम असे. त्या पिढीला इंधनाचे दारिद्र्य पुस्तकातून शिकावे लागले नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीस, पवईच्या आय.आय.टी.ने आखलेल्या उपक्रमात भारताप्रमाणेच इतर अनेक देशांतील विद्यार्थ्यांनी सौरदिवे स्वतः जोडले. दिवे वाटणे सोपे. पण वाटलेला दिवा बिघडला की माळ्यावर जातो आणि घरात पुन्हा चिमणी पेटते. याच संस्थेच्या आधीच्या योजनेत खेड्यांतील स्त्रियांना जोडणी व दुरुस्ती शिकविली गेली, हे अधिक मोलाचे. दादर-गिरगावच्या शाळांनी परदेशी विद्यार्थ्यांशी पत्रव्यवहार जरूर करावा; मात्र तुटलेल्या तारेला डाख कसा द्यावा, हे पहिल्याच पत्रात विचारावे.