साडेचार गिरक्या

भोवरा फिरताना तुम्ही पाहिला असेल. दोरी सुटली, की तो गरगर फिरू लागतो. आता अशी कल्पना करा, की एक माणूस बर्फावरून वेगाने घसरत येतो. तो उंच उडी घेतो, हवेत भोवऱ्यासारखा साडेचार वेळा फिरतो आणि एका पायावर खाली उतरतो. हे सारे एका सेकंदाच्या आत घडते! या खेळाचे नाव आहे फिगर स्केटिंग.

थंड देशांत हिवाळ्यात तळी गोठतात. तेथील लोक बुटांना पोलादी पाती लावून बर्फावर फिरत. त्यातूनच हा खेळ जन्माला आला. ‘फिगर’ म्हणजे आकृती. पूर्वी खेळाडूंना पात्याने बर्फावर वर्तुळासारख्या आकृत्या काढून दाखवाव्या लागत. जागतिक स्पर्धेत ही पद्धत १९९० सालापर्यंत होती. आता संगीताच्या तालावर उड्या आणि गिरक्या करून दाखवतात. पहिली जागतिक स्पर्धा १८९६ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे झाली. त्यानंतर स्वीडनच्या उलरिख साल्कोव याने दहा वेळा जगज्जेतेपद मिळवले. त्याच्या नावाने एक उडी आजही ओळखली जाते.

या खेळात मुख्य उड्या सहा आहेत. त्यांपैकी पाच उड्या मागे जाता जाता घेतात. फक्त ‘अ‍ॅक्सेल’ ही उडी पुढे तोंड करून घेतात. उतरताना मात्र प्रत्येक उडीत पाठ पुढच्या दिशेला असावी लागते. म्हणून अ‍ॅक्सेलमध्ये अर्धी गिरकी जास्त घ्यावी लागते. त्यामुळेच ती सर्वांत अवघड समजली जाते. हवेत असताना खेळाडू हात छातीशी घट्ट धरतो, कारण शरीर जितके आवळलेले, तितकी गिरकी वेगवान. उतरताना त्याच्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. थोडा जरी तोल गेला, तरी तो बर्फावर आपटतो.

ही उडी प्रथम नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉल्सन याने १८८२ साली व्हिएन्ना शहरात करून दाखवली. त्याने दीड गिरकी घेतली होती. अडीच गिरक्यांसाठी जगाला ६६ वर्षे वाट पाहावी लागली. १९४८ साली स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे ऑलिंपिक सामने होते. अमेरिकेचा डिक बटन तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता. अडीच गिरक्यांची उडी त्याला आदल्याच दिवशी सरावात पहिल्यांदा जमली होती. ती स्पर्धेत घेणे धोक्याचे होते. तरीही त्याने ती घेतली आणि सुवर्णपदक जिंकले. १९५२ साली ओस्लो येथे त्याने दुसरे सुवर्णपदक मिळवले. पुढे १९७८ साली कॅनडाच्या व्हर्न टेलर याने जागतिक स्पर्धेत साडेतीन गिरक्या घेतल्या. त्याला पदक मिळाले नाही, पण त्याचे नाव इतिहासात राहिले.

साडेचार गिरक्या मात्र कोणालाच जमत नव्हत्या. जपानच्या युझुरू हान्यू याने त्यांचा ध्यास घेतला. हान्यू सेंदाई शहराचा. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भयंकर भूकंप झाला, तेव्हा सोळा वर्षांचा हान्यू बर्फावर सराव करत होता. तो पायांतल्या स्केट्ससह बाहेर धावला. त्याच्या कुटुंबाला काही दिवस निवारा केंद्रात काढावे लागले. सरावाची जागा बंद पडली. तरी त्याने दुसऱ्या शहरांत जाऊन सराव चालू ठेवला. २०१४ आणि २०१८ अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये तो विजेता ठरला. पुरुषांमध्ये बटननंतर ६६ वर्षांनी हे घडले.

२०२२ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये तो पुन्हा उतरला. सोपी उडी घेतली असती, तर पदकाची आशा वाढली असती. पण त्याने साडेचार गिरक्यांची उडी घेतली. गिरक्या थोड्या कमी पडल्या आणि तो कोसळला. क्षणात उठून त्याने आपला खेळ पूर्ण केला. त्याचा क्रमांक चौथा आला. सुवर्णपदक अमेरिकेच्या नेथन चेन याने जिंकले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे सतरा वर्षांच्या इलिया मालिनिन याने ही उडी बिनचूक घेतली. त्याचे आईवडील उझबेकिस्तानकडून ऑलिंपिकमध्ये खेळलेले खेळाडू आहेत. हान्यूमुळे आपल्याला प्रेरणा मिळाली, असे मालिनिनने सांगितले. २०२४ आणि २०२५ साली तो जगज्जेता झाला.

दीड गिरकीपासून साडेचार गिरक्यांपर्यंत पोहोचायला १४० वर्षे लागली. विक्रमाच्या नोंदीत मालिनिनचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. पण बीजिंगच्या बर्फावर पडलेल्या विजेत्याने त्याला वाट दाखवली, हेही विसरता येत नाही.

स्वाध्याय

१. अ‍ॅक्सेल ही उडी इतर उड्यांपेक्षा अवघड का आहे?
२. १९४८ साली डिक बटनने कोणता धोका पत्करला?
३. हान्यूला पदक मिळाले नाही, तरी त्याचा प्रयत्न वाया गेला नाही, असे का म्हणता येईल?
४. वाक्यात उपयोग करा : ध्यास घेणे, तोल जाणे, वाट दाखवणे.