बातमी नको, ओवी चालेल
लेखमाला : गावाचा रेडिओ (लेखांक ६)

सामुदायिक रेडिओचा परवाना कुणाला मिळतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. परवाना मिळाला, मनोरा उभा राहिला, की प्रश्न येतो बोलायचं काय. खरं तर त्याच्याही आधी, काय बोलायचं नाही.

या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र लावायचं तर जसंच्या तसं, काना-मात्रा न बदलता. हवामान, वीज, पाणीपुरवठा, परीक्षांचे निकाल, गावचे उत्सव ही मात्र ‘माहिती’, तिला मुभा आहे. म्हणजे ‘उद्या सकाळी टँकर येईल’ हे सांगता येतं. ‘आठवडाभर का आला नाही?’ हे ग्रामसेवकाला माइकसमोर विचारायचं म्हटलं, की केंद्र चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. परवान्यावर गदा आली तर?

प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं. निकाल न्या. पी. बी. सावंत यांचा, आणि खटला कशावरून, तर क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून! मोबाइल हातात असलेला कोणीही आज गावची बातमी जगभर पोचवतो. १०० वॉटच्या, दहा-पंधरा किलोमीटरपलीकडे क्वचितच ऐकू येणाऱ्या केंद्राला मात्र ती वर्ज्य. या बंदीला काही अर्थ उरलाय असं मला वाटत नाही.

पण बंदी आहे, आणि तिच्यातून वाटही निघाली आहे. प्रश्न गाण्यातून मांडायचा. आपल्याकडे हे नवं नाही. जात्यावरच्या ओवीत सासुरवास आहे, दारुडा नवरा आहे, माहेरची ओढ आहे, कोरडं आभाळ आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गोळा केलेल्या लाखभर ओव्या चाळल्या, तर ‘कला’ आणि ‘सामाजिक प्रश्न’ असे दोन रकाने पाडताच येत नाहीत. ते पाडतं सरकारी टिपण.

सातारा जिल्ह्यात म्हसवडला २००८पासून ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र चालतं. चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनचं. हा पर्जन्यछायेतला मुलूख, गजी ढोलाचा आणि मेंढरांचा. इथल्या बाईच्या तोंडची ओवी तिच्याच बोलीत, प्रमाणभाषेची इस्त्री न मारता लागते, तेव्हा ऐकणारीला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या जहिराबादजवळ माचनूर आहे. तिथलं ‘संघम रेडिओ’ तर याच्या पुढचं. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी परवान्याची वाट पाहत बसण्याऐवजी नव्वदीच्या अखेरीपासूनच ध्वनिमुद्रण सुरू केलं. बियाणं कसं राखायचं, कुठल्या पेरणीला कुठलं गाणं, बाळंतिणीला काय द्यायचं. वर्षानुवर्षं कॅसेटी भरत राहिल्या. त्या संघमच्या, म्हणजे बायकांच्या गटांच्या, बैठकांत वाजवायच्या. २००८ साली परवाना आला, तेव्हा सांगण्यासारखं ढीगभर आधीच साठलेलं होतं. केंद्र सांभाळणाऱ्या दोघींचं नाव नरसम्मा, म्हणून एकीला सगळे ‘जनरल’ नरसम्मा म्हणतात. ज्वारी-राळ्याची गाणी हा तिथे करमणुकीचा कार्यक्रम नव्हे. कुठल्या शेतात काय पेरायचं, याची ती चर्चाच आहे.

याच्या उलट नमुनाही सगळीकडे सापडतो. प्रायोजकाच्या पैशांतून केलेली नाटुकली! सासू-सून दोन वाक्यं भांडतात, तिसऱ्या वाक्याला आशाताई येतात आणि योजनेची कागदपत्रं सांगून जातात. लोक रेडिओ बंद करत नाहीत, चहा टाकायला उठतात.

आणखी एक अवघड जागा आहे. गावची कला म्हणजे कुणाची? माइक घेऊन निघालं, की पहिल्यांदा देवळातलं भजनी मंडळ भेटतं. ते दिसतं, बोलावतं, चहा देतं. पोतराज, वाघ्या-मुरळी, भीमगीतं म्हणणारी पोरं गावाच्या दुसऱ्या टोकाला. माचनूरला हा प्रश्न बराचसा सुटला, कारण माइकच त्या टोकाच्या बायकांच्या हातात होता. इतर ठिकाणी निवेदक कोणत्या आळीतून निवडला, यावर वर्षभराचे कार्यक्रम ठरून जातात. निवेदक निवडताना बहुतेक संस्था आवाज तपासतात. आळी तपासायला हवी.

(पुढील लेखांकात : तासाला बारा मिनिटं जाहिराती, आणि वीजबिल)