भुतांच्या भयाविषयीं अंतोनीचा उपदेश

रात्रीं छातीवर कोणी बसलें आहे असें वाटून मूल दचकून उठलें, कीं घरांतील वडील मंडळींस लागलीच "बाहेरच्या बाधेची" शंका येते. अशा वेळीं ख्रिस्ती मनुष्यानें काय करावें, याविषयीं इजिप्त देशांतील साधु अंतोनी याचा उपदेश आम्हांस फार उपयुक्त वाटतो. तो इ. स. २५१ च्या सुमारास जन्मला व ३५६ त वारला. त्याचें चरित्र अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनीं लिहिलें आहे.

आईबापांच्या पश्चात् अंतोनीनें आपली शेती गांवकऱ्यांस देऊन टाकली व पुढें तो एका थडग्यांत जाऊन राहिला. तेथें भुतांनीं त्यास निपचित पडेपर्यंत मारलें, असें चरित्रांत आहे. मित्रानें त्यास उचलून गांवांतील प्रार्थनामंदिरांत आणलें. परंतु मध्यरात्रीं शुद्धीवर येतांच, मला परत तेथेंच ने, असें त्यानें सांगितलें! हा प्रसंग अक्षरशः घ्यावा कीं अंतःकरणांतील झगडा समजावा, हें आम्ही वाचकांवर सोंपवितों.

पुढें वीस वर्षें एकांतांत काढल्यावर त्यानें शिष्यांस जें सांगितलें, तें अधिक मोलाचें आहे. प्रभूनें सैतानाचें बळ हरण केलें आहे. आतां भुतें येतात तीं आपल्याच मनांतील भीतीचें रूप घेऊन. म्हणून कांहीं दिसल्यास पळूं नये. तूं कोण व कोठून आलास, असें धीटपणें विचारावें. तीं भविष्य सांगतात म्हणून भुलूं नये. इथिओपियांत पाऊस पडलेला पाहावयाचा आणि पाणी पोहोंचण्यापूर्वीं धांवत येऊन नाईल नदीस पूर येणार म्हणून सांगावयाचें, यांत भविष्यज्ञान तें कसलें? भगताच्या भाकितांस हाच न्याय लावून पाहावा. आणखी एक गोष्ट त्यानें सांगितली आहे: भुतें कधीं कधीं धार्मिकपणाचें सोंग घेऊन प्रार्थनेसाठीं पुनःपुन्हां उठवितात, झोंप घेऊं देत नाहींत, अन्न टाकावयास सांगतात, हेतु एवढाच कीं मनुष्य थकून निराश व्हावा. परीक्षेच्या दिवसांत जागरणें करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें. मनांत येणारे विचार, जणुं दुसऱ्यास दाखवावयाचे आहेत अशा रीतीनें लिहून ठेवावे, हाही त्याचाच उपाय. लाजेनेंच पुष्कळ वाईट विचार गळून पडतात.

आतां पालकांस दोन शब्द. स्वप्नें पडणाऱ्या निद्रेंत आपले स्नायू सैल पडलेले असतात. मन आधीं जागें झालें व शरीर मागें राहिलें, तर क्षणभर हलतां येत नाहीं व छातीवर भार वाटतो. फेफरें हा तर मेंदूचा विकार असून त्यावर औषध आहे. इ. स. १६१४ च्या रोमी विधिग्रंथांतही, कोणास भूतबाधा झाली आहे असें सहजासहजीं मानूं नये, अशी धर्मगुरूंस ताकीद आहे. महाराष्ट्रांत तर भूत उतरविण्याच्या मिषानें कोणास बांधणें, मारणें किंवा मिरचीची धुरी देणें हा २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरला आहे. मुलास प्रथम डॉक्टरांकडे न्यावें. प्रार्थना वाटेंत करावी, आणि परत आल्यावर त्याच्या उशापाशीं बसूनही करावी.