सोंग कुणी घ्यावे?

१९८३ साली मी आठवीत होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आमच्या एका शिक्षकांनी दामाजीपंतांवर अर्ध्या तासाचे नाटक बसवले होते. मंगळवेढ्यात ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. बहामनी राजवटीत दामाजीपंत इथले अधिकारी होते. दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी बादशहाचे धान्याचे कोठार भुकेल्या लोकांसाठी खुले केले. बेदरहून त्यांना पकडून नेण्याचा हुकूम सुटला. तेव्हा पांडुरंगाने महाराचा वेश घेतला, विठू महार असे नाव सांगितले, दरबारात जाऊन जोहार केला आणि धान्याची सगळी किंमत चुकती करून पावती घेतली.

विठूची भूमिका मला मिळाली. खांद्यावर काळी घोंगडी, हातात घुंगरांची काठी आणि तोंडाला काजळ. अडचण एवढीच होती की मला गाता येत नव्हते. वर्गात सगळ्यांत गोड गळा होता तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतून येणाऱ्या माझ्या मित्राचा. मग जोहार त्याने पडद्याआडून म्हटला आणि मी रंगमंचावर नुसते ओठ हलवले. टाळ्या मला मिळाल्या, बक्षिसाची कंपासपेटीही मलाच मिळाली. "त्यालाच विठू का केला नाही?" असे मी सरांना विचारले, तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले, "अरे, शेवटी त्याच्यातून विठ्ठल प्रकट होतो ना."

ते उत्तर ऐकून तेव्हा मला काहीच वाटले नाही. आज हीच गोष्ट जास्त टोचते.

कुणाची भूमिका कुणी करावी, हा वाद गेली काही वर्षे जगभर चालू आहे. काळ्या माणसाची भूमिका गोऱ्या नटाने करावी का? तृतीयपंथी व्यक्तीची भूमिका तृतीयपंथी नसलेल्या नटीने करावी का? २०२३ साली 'ताली'मध्ये गौरी सावंत यांची भूमिका सुश्मिता सेन यांनी केली, तेव्हा हा प्रश्न आपल्याकडेही निघाला. एक बाजू म्हणते, जो ते जगला त्यानेच ते दाखवावे. दुसरी म्हणते, नट म्हणजेच जो नाही तो होणारा माणूस. मग त्याला जातीचा दाखला कशाला मागायचा? मी नाट्यशास्त्र शिकलेलो नाही. उमेदीची वर्षे आडत दुकानात ज्वारीच्या पट्ट्या लिहिण्यात गेली. उरलेल्या वेळात जुनी नाटके, नटांची चरित्रे आणि संतांचे गाथे वाचले. त्या वाचनातून मला वाटू लागले की या वादाचा धागा आमच्या गावातूनच जातो. एकट्या दामाजींपाशी तो संपत नाही. तो कान्होपात्रेपर्यंत आणि चोखोबांपर्यंत जातो.

कान्होपात्रा आमच्याच गावची. शामा नावाच्या गणिकेची ही मुलगी. आईचा धंदा तिने नाकारला आणि वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट धरली. बेदरच्या बादशहाची माणसे तिला न्यायला आली, तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायांवर देह ठेवला, अशी परंपरा सांगते. पंढरपूरच्या देवळातले तरटीचे झाड तिचीच खूण मानले जाते. १९३१ साली गंधर्व नाटक मंडळीने नारायण विनायक कुलकर्णी यांचे 'संगीत कान्होपात्रा' रंगभूमीवर आणले. संगीत मास्तर कृष्णरावांचे होते आणि कान्होपात्रा होते बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

चाळिशी उलटलेला एक ब्राह्मण पुरुष गणिकेची कोवळी मुलगी होतो आणि महाराष्ट्र डोळे पुसतो, ही थट्टेची गोष्ट नाही. त्यांची नेसण आणि त्यांचे दागिने घरंदाज बायका उचलत. त्यांची ध्वनिमुद्रिका ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो. याच नाटकातून चोखोबांचा जोहाराचा अभंग बालगंधर्वांच्या आवाजात घरोघर पोचला. देवासमोर वाकणाऱ्या महाराचे शब्द, गळा राजहंसांचा आणि नाटक गणिकेच्या मुलीचे. 'जो जगला त्यानेच दाखवावे' हा नियम त्या दिवशी लावला असता, तर मराठी संगीताचा हा ठेवा आपल्याला मिळालाच नसता. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल.

पण त्याच काळाची दुसरी बाजूही पाहावी लागते. कान्होपात्रेच्या जातकुळीतल्या, म्हणजे कलावंत घराण्यांतल्या स्त्रिया तेव्हा काय करत होत्या? त्या गात होत्या. त्यांच्या स्वतःच्या संगीत मंडळ्याही होत्या आणि त्यांत पुरुषांच्या भूमिका स्त्रियाच करत. पण प्रतिष्ठित रंगभूमीचे दार त्यांना फार उशिरा उघडले. हिराबाई बडोदेकरांनी १९३० च्या आसपास आपल्या भावंडांसह नाटके केली. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक आल्या, तेव्हा तो क्रांतीचा क्षण मानला गेला. त्या दशकाच्या अखेरीस विजापूरकडच्या गोहरबाई कर्नाटकी गंधर्व मंडळीत नायिका म्हणून उभ्या राहिल्या, तेव्हा चर्चा त्यांच्या गाण्यापेक्षा त्यांच्या जातधर्माचीच अधिक झाली. राजहंसांना कान्होपात्रा होताना कुणी कूळ विचारले नव्हते. ते विचारले गेले गोहरबाईंना.

सिनेमाचेही तेच. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही. वेश्यावस्तीतल्या बायकांनीही नकार दिला, इतके ते काम हलके समजले जाई. अखेर खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त तीच तारामती दुर्गाबाई खोटे यांनी केली. मधल्या एकोणीस वर्षांत अभिनयाचे शास्त्र बदलले नव्हते. दाराशी उभा असलेला पहारा सैल झाला होता. १९३७ मध्ये 'साध्वी मीराबाई' या चित्रपटात बालगंधर्व मीरा झाले. तो चालला नाही. रंगमंचावर दिव्यांच्या उजेडात, वीस हातांवरून जे खरे वाटत होते, ते कॅमेऱ्याने जवळ जाऊन पाहिले तेव्हा टिकले नाही. शिवाय आता प्रेक्षकांनी पडद्यावर स्त्रिया पाहिल्या होत्या.

इथे मला चोखोबा आठवतात. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि त्याखाली ते गेले. परंपरेने ते साल १३३८ मानले जाते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला नेल्या आणि समाधी बांधली ती देवळाच्या महाद्वाराबाहेर. पुढे सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी महाराच्या तोंडून बोलणारी जोहाराची भारुडे लिहिली. त्यांतला महार जोहार घालता घालता गावाच्या पाटील-कुलकर्ण्यांना ज्ञान सांगतो. ब्राह्मणाने महाराचे सोंग घेतले आणि त्या सोंगाला मोठेपण दिले. दामाजीच्या गोष्टीत तर खुद्द देवाने ते घेतले. पण ज्याचे सोंग घेतले, त्याच्यासाठी पंढरीचे दार उघडायला १९४७ चा मे महिना आणि साने गुरुजींचे उपोषण लागले.

देव महार होऊ शकतो, महार देव होऊ शकत नाही. राजहंस कान्होपात्रा होऊ शकतात, कान्होपात्रा रुक्मिणी होऊ शकत नाही. आमच्या सरांचे उत्तर त्यांच्या एकट्याचे नव्हते. सहाशे वर्षे मुरलेले ते उत्तर होते. सोंग घेण्यात दोष नाही. आक्षेप आहे तो सोंगाची वाट एकाच दिशेने चालू राहण्याला.

जगातला एक दाखला पाहा. १८३३ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये आयरा ऑल्ड्रिज या काळ्या अमेरिकन नटाने ऑथेल्लो केला. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याच्यावर झोड उठवली. मग त्याने युरोप पालथा घातला आणि ऑथेल्लोबरोबर लिअर, मॅकबेथ आणि शायलॉकही केले. काळा माणूस चेहऱ्याला गोरा रंग लावून राजा लिअर होत होता. १९६५ च्या चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिए काळा रंग फासून ऑथेल्लो झाले, तेव्हा कसलेल्या काळ्या नटांसाठी मोठ्या भूमिका मोजक्याच होत्या. रंग दोघांनीही लावला होता. फरक एवढाच की एकाला सगळी दारे उघडी होती आणि दुसऱ्याला प्रत्येक दार ठोठवावे लागले.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. पंढरपुरात जन्मलेल्या जब्बार पटेलांनी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' चित्रपट केला आणि बाबासाहेब केले केरळच्या मामुट्टी यांनी. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दूरदर्शनवर तो चित्रपट लागला तेव्हा मी मित्राच्या वस्तीत बसून पाहिला आहे. मल्याळी मुसलमान नट बाबासाहेब झाला म्हणून तिथे कुणी नाक मुरडले नाही. त्या नटाने घेतलेले कष्ट दिसत होते आणि बाबासाहेबांचा आब राखला होता. नंतर २०१३ मध्ये करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे 'फँड्री' घेऊन आले. जब्या केला त्याच तालुक्यातल्या सोमनाथ अवघडे या मुलाने, जो आधी कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नव्हता. त्याच्या बापाची भूमिका मात्र मुरलेले नट किशोर कदम यांनी केली. म्हणजे मंजुळ्यांनीही प्रत्येक पात्राला दाखला मागितला नाही. गोष्ट सांगणारा माणूस त्या मातीतला होता आणि त्याने जब्याच्या वयाच्या एका पोराला दार उघडून दिले. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' जालन्याकडच्या शेतकरी पोरांनी गाजवले, तेव्हाही हेच झाले.

म्हणून 'ज्याची जात त्यानेच भूमिका करावी' या नियमाची मला भीतीच वाटते. तो नियम आधी दलित नटाच्याच गळ्यात पडेल. त्याला जन्मभर जब्या आणि विठूच करावा लागेल; हॅम्लेट, पेशवा, डॉक्टर आणि प्रेमवीर पुन्हा पेठेतल्या पोरांकडे जातील. भूमिका वाटताना दोन गोष्टी तपासाव्यात, असे माझे मत झाले आहे. या भूमिकेला लायक असलेला माणूस पडद्याआड उभा आहे का? आणि आज जो दुसऱ्याचे सोंग घेतो आहे, त्याचे सोंग घ्यायला उद्या त्या दुसऱ्याला जागा आहे का? दुसऱ्याचे उत्तर 'हो' येईपर्यंत पहिला प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहावे लागेल. ते उत्तर आले की मग बालगंधर्वांनी खुशाल कान्होपात्रा व्हावे.

हा लेख छापायला देण्याआधी मी मित्राला वाचून दाखवला. त्याचा गळा अजून तसाच आहे. आषाढात गल्लीतल्या भजनात त्याची साथ लागते. पडद्याआडच्या जोहारावर आम्ही दोघे चाळीस वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "लिहिलंयस ते बरोबर हाय. पण आता माझ्या नातीला विठू करून फेड करू नका. तिला बादशहा करा. लई आवाज हाय पोरीचा, सगळ्या दरबाराला उभं करंल."

शाळेचे संमेलन जानेवारीत असते. आमच्या वेळचे ते सर आता नाहीत. नवे शिक्षक माझ्या ओळखीचे आहेत. मी त्यांना भेटून विचारणार आहे.