विश्लेषण : गळवावरच्या चिनी औषधात खवले मांजर कशासाठी?

कोकणात खवले मांजराच्या खवल्यांची तस्करी करणारे पकडले गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. हे खवले कोणाला आणि कशासाठी हवे असतात? त्याचा एक धागा थेट चीनमधील गळवाच्या औषधापर्यंत जातो.

चिनी वैद्यक गळवाकडे कसे पाहते?

गळू आधी धरते, मग पिकते आणि शेवटी फुटते, हे आपल्यालाही माहीत आहे. पारंपरिक चिनी वैद्यकात याच टप्प्यांनुसार उपचार बदलतात. सुरुवातीला फक्त लाली, ठणका आणि सूज असेल तर ती जिरवायची. पू झाला असेल तर तो बाहेर यायला मदत करायची. गळू फुटल्यावर रुग्णाची ताकद वाढवून जखम भरू द्यायची. शरीरात ‘उष्णता आणि विष’ साचून रक्ताची वाट अडली की गळू होते, अशी यामागची धारणा आहे.

औषधात काय असते?

पहिल्या टप्प्यात ‘वू वेई श्याओ दू यिन’ हा पाच वनस्पतींचा काढा देतात. त्यात हनीसकलची फुले, रानशेवंती, डँडेलियन यांचा समावेश असतो. हनीसकलचे फूल पांढरे उमलते आणि नंतर पिवळे होते, म्हणून चिनी भाषेत त्याला ‘सोने-चांदीचे फूल’ म्हणतात.

पू झाल्यावर ‘थौ नोंग सान’ हे औषध देतात. मिंग काळातील शल्यवैद्य छन शिगोंग यांच्या १६१७ मधील ग्रंथात ते आढळते. त्यात तीन वनस्पतींची मुळे आणि एका झाडाचे काटे असतात. पाचवा घटक म्हणजे खवले मांजराचे भाजलेले खवले. जमीन पोखरत जाणाऱ्या या प्राण्याचे खवले शरीरातील अडलेल्या वाटाही मोकळ्या करतात, असा समज होता. प्रत्यक्षात खवले केराटिनचे असतात. आपली नखे आणि केसही त्याचेच बनतात.

मग खवले बाद कसे झाले?

२०१६ मध्ये ‘साइट्स’ कराराच्या परिषदेत खवले मांजराच्या आठही प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. २०२० मध्ये चीनने या प्राण्याला सर्वोच्च दर्जाचे संरक्षण दिले आणि अधिकृत औषधसूचीतील घटकांच्या यादीतून खवले वगळले. मात्र खवले असलेली काही तयार औषधे सूचीत कायम राहिल्याने पर्यावरणवाद्यांनी टीकाही केली.

काढ्याने गळू बरे होते का?

हनीसकलसारख्या वनस्पतींच्या अर्कांनी प्रयोगशाळेत काही जिवाणूंची वाढ रोखली आहे. पण गळवातील पू म्हणजे बंद पिशवी असते. तिथे रक्त पोहोचत नाही, त्यामुळे अँटिबायोटिकही नीट पोहोचत नाही. म्हणूनच मोठ्या गळवाला छेद देऊन पू काढणे हाच आधुनिक वैद्यकातील मुख्य उपचार आहे. विशेष म्हणजे छन शिगोंग स्वतःही पिकलेल्या गळवाला छेद देण्याच्या बाजूचे होते.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

ताप आला, लाली पसरू लागली किंवा गळू वाढतच गेले तर थांबू नका. मधुमेह असेल तर लहान गळूही अंगावर काढू नका. नाक आणि वरच्या ओठाजवळचे गळू तर अजिबात दाबू नका, कारण तिथला संसर्ग शिरांमधून मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

हेही लक्षात ठेवा

भारतात खवले मांजर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. शिकार किंवा खवल्यांच्या व्यापारासाठी ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. कोणी औषध म्हणून खवले विकत असेल, तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. गळवासाठी या प्राण्याचा जीव जाण्याची गरज नाही.